तुळापूरचा हत्ती : एका आख्यायिकेचे ऐतिहासिक व भाषिक परीक्षण

भीमा, भामा आणि इंद्रायणी या नद्यांच्या संगमावरील तुळापूर हे गाव आज मुख्यतः संभाजीमहाराजांच्या १६८९ मधील अखेरीमुळे परिचित आहे. गावाचे नाव मात्र त्याहून जुन्या एका प्रसंगाचे स्मारक आहे. शके १५५५ च्या भाद्रपद अमावास्येस, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी, विजापूर दरबारचा मातबर सरदार मुरार जगदेव याने या संगमावर तुलादान केले आणि तोवर नागरगाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्थळास तुळापूर हे नाव पडले, अशी परंपरा आहे. जुन्या इंग्रजी गणनेप्रमाणे ही तिथी २३ सप्टेंबर १६३३ येते. त्या अमावास्येस सूर्यग्रहण होते हे गणितानेही जुळते.

या तुलादानाची जी कथा बखरींतून सांगितली जाते ती अशी. मुरारपंतांनी स्वतःची तुला केली त्याबरोबर आपल्या एका हत्तीचीही तुला करण्याचे मनात आणले. हत्ती तोलू शकेल असे पारडे कोठून आणावे, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सुचविली : हत्तीस नावेत चढवावे, नाव पाण्यात जेथवर बुडेल तेथे तिच्या अंगावर खूण करावी, मग हत्ती उतरवून त्याच खुणेपर्यंत नाव बुडेतो तीत दगड भरावेत आणि ते दगड तागडीने थोडे थोडे तोलून घ्यावेत. जेवढे दगडांचे वजन तेवढे हत्तीचे.

अलीकडे शालेय वाचनात व व्याख्यानांत या कथेस एक पुरवणी जोडली जाते. शहाजीराजांना आर्किमिडीजचे तत्त्व अवगत होते, किंबहुना ते आपल्याकडे पूर्वापार ठाऊकच होते, असे विधान मोठ्या अभिमानाने केले जाते. या विधानात दोन निरनिराळे प्रश्न एकत्र झाले आहेत. कथेत सांगितलेला प्रकार खरोखर घडला काय, हा पहिला. आणि घडला असल्यास त्यावरून कोणत्या ज्ञानाचे अस्तित्व सिद्ध होते, हा दुसरा. दोहोंची उत्तरे स्वतंत्रपणे शोधली पाहिजेत.

प्रथम प्रसंगाची राजकीय बाजू पाहू. १६३३ च्या जून महिन्यात दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि निजामशाहीचा आधार तुटला. त्याच वर्षी शहाजीराजांनी पेमगिरी येथे निजामशाही घराण्यातील एका अल्पवयी मुलास गादीवर बसवून राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. या उद्योगास विजापूरच्या बाजूने मुरार जगदेवाचे पाठबळ होते. हाच मुरार जगदेव काही वर्षांपूर्वी पुणे उद्ध्वस्त करणारा होता. अशा दोन पुरुषांची नव्याने जुळलेली मैत्री जगजाहीर करण्यास पर्वकाळाचे तुलादान हा उत्तम प्रसंग होय. पुढे दोनच वर्षांत मुरार जगदेव विजापूरच्या दरबारी कलहात मारला गेला. शहाजीराजांचे कुल मात्र वाढत गेले. त्यामुळे संपत्ती एकाची आणि बुद्धी दुसऱ्याची अशी जी मांडणी कथेत दिसते, ती भोसले घराण्याच्या उत्कर्षानंतर लिहिणाऱ्या बखरकारास स्वाभाविकच रुचणारी होती.

तुला होणे ही गोष्ट मुळीच असंभाव्य नाही. तुलापुरुषदान हे षोडश महादानांपैकी एक असून दक्षिणेत त्याची परंपरा दीर्घ आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याने इसवी सन ९१५ मध्ये केलेल्या तुलापुरुषाचा निर्देश त्याच्या ताम्रपटात आहे; शिवाजीमहाराजांची सुवर्णतुला १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी झाली. मुरार जगदेवाची तुला याच मालिकेतील मानण्यास हरकत नाही आणि ग्रामनामही त्यास साक्ष देते. संस्कृत 'तुला' मधील दोन स्वरांमधला एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो, म्हणून 'तुळा'. 'तुलापूर' असे संस्कृत वळण रूढ न होता 'तुळापूर' हेच टिकले, यावरून हे नाव लोकांच्या तोंडी वावरत आले आहे, केवळ कागदावर राहिलेले नाही, एवढे निश्चित म्हणता येते. तथापि ग्रामनामाची साक्ष तुळेपुरतीच आहे. नाव, खूण आणि दगड यांविषयी ते काही सांगत नाही.

येथे परदेशातील एक पुरावा विचारात घेणे आवश्यक ठरते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात चेन शौ याने लिहिलेल्या चीनच्या तीन राज्यांच्या इतिहासात त्साओ चुंग नावाच्या एका बुद्धिमान राजपुत्राची हकीकत आहे. दक्षिणेकडून भेट आलेल्या हत्तीचे वजन कोणासही करता येईना, तेव्हा या मुलाने हत्तीस नावेत चढवून पाण्याची रेषा खुणावण्याचा आणि मग त्याच रेषेपर्यंत नावेत अन्य पदार्थ भरून ते तोलण्याचा उपाय सांगितला. हा राजपुत्र इसवी सन २०८ मध्ये बालवयातच वारला. म्हणजे शहाजीराजांपूर्वी चौदाशे वर्षे तीच युक्ती, तोच प्राणी आणि तीच नाव! एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. सन ४७२ च्या सुमारास संस्कृतातून चिनीत उतरलेल्या एका बौद्ध कथासंग्रहात वृद्धांना हाकून देणाऱ्या देशाची कथा आहे. एक देवता त्या देशाच्या राजास कोडी घालते. एका अमात्याने लपवून ठेवलेला वृद्ध पिता ती उलगडतो. त्यांतले एक कोडे हत्तीच्या वजनाचे आणि उत्तर पुन्हा नावेचेच. या साम्याच्या आधारे चेन यिन्को या चिनी इतिहासकाराने १९३० साली असे प्रतिपादन केले की, राजपुत्राची गोष्ट मूळची भारतीय असून बौद्ध कथांबरोबर ती चीनमध्ये गेली. चीनमध्ये हत्ती दुर्मिळ आणि भारतात नित्याचा, हे लक्षात घेता या मतात बरेच तथ्य वाटते.

मग तुळापूरची हकीकत ही या भ्रमणशील कथेचेच एक मराठी रूप मानावे काय? बहुधा होय. चतुर पुरुषाचे चातुर्य सांगावयाचे असले की लोककथा आपल्या भांडारातील एखादी सिद्ध युक्ती त्याच्या नावावर घालते. तुळा झाली, हत्ती उपस्थित होता, नदी जवळ होती. कथेस बसावयास आसन तयारच होते. परंतु याच्या उलट शक्यताही टाकून देता येत नाही. जी कथा सर्वांच्या परिचयाची असते ती प्रत्यक्षात करून पाहण्याची बुद्धीही एखाद्यास होऊ शकते. पर्वकाळी जमलेल्या हजारो लोकांसमोर एखादे जुने कोडे खरे करून दाखविणे दरबारी थाटास शोभणारेच आहे. कथा जुनी असणे हा ती न घडल्याचा पुरावा नव्हे. या प्रश्नाचा निकाल समकालीन कागदानेच लागू शकतो. केवळ साम्यावरून तो लावणे घाईचे होईल.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर कथा घडली असो वा नसो, देता येते. या युक्तीत नेमके कोणते ज्ञान गुंतले आहे?

युक्तीचे मर्म असे की, एकच नाव त्याच पाण्यात दोनदा त्याच रेषेपर्यंत बुडाली तर दोन्ही वेळचा भार समान असला पाहिजे. पाणी किती सरले, त्या सरलेल्या पाण्याचे वजन किती, नावेचा आकार कोणता, नावेचे स्वतःचे वजन किती, यांपैकी एकही गोष्ट जाणण्याची गरज पडत नाही. नाव वेडीवाकडी असली तरी चालेल. खूण नावेवर असल्यामुळे नदीचे पाणी चढले किंवा उतरले तरीही बिघडत नाही. सामान्य तागडीत दोन पारडी एकाच वेळी समोरासमोर असतात. येथे पारडे एकच आहे. हत्ती आणि दगड त्यात आळीपाळीने येतात. तागडीतील दोष टाळण्यासाठी एकाच पारड्यात वस्तू व वजने क्रमाने ठेवण्याची पद्धत अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोर्दा याच्या नावाने प्रसिद्ध झाली. तुळापूरची नाव तत्त्वतः त्याच जातीची होय. या अर्थाने तीस 'तुळा' म्हणणे अगदी यथार्थ आहे.

हिशेबाने पाहिले तर युक्तीची मर्यादाही कळते. हत्तीचे वजन चार हजार किलो आणि पाण्याच्या रेषेवर नावेचे क्षेत्रफळ वीस चौरस मीटर धरले, तर हत्ती चढताच नाव सुमारे वीस सेंटिमीटर अधिक बुडेल. खुणेत एका सेंटिमीटरची चूक झाली तर वजनात दोनशे किलोंचा, म्हणजे इंग्रजी अमदानीतील पक्क्या मणाने पाच मणांहून अधिक फरक पडेल. संगमावरील लाटा आणि हत्तीची चुळबुळ लक्षात घेता याहून बारीक मोजमाप होणे कठीणच. दानाच्या कामी एवढी चूक क्षम्य असते. ती ब्राह्मणांच्या बाजूने झाली तर विशेषच.

कथाकार एका अडचणीचा उल्लेख करीत नाही. दगड नावेच्या तळाशी बसतात, हत्ती उंच उभा राहतो. दोन्ही वेळी नाव सारखीच बुडेल, परंतु दोन्ही वेळी ती सारखीच स्थिर राहणार नाही. भाराचा मध्य वर गेला की थोड्याशा कलण्यानेही नाव पालथी होते. नदीवरील बहुतेक अपघातांचे कारण हेच असते : नाव भाराने तळास जाण्यापूर्वीच उलटते. वर्धा नदीत अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यातील झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी नाव उलटून अकरा जण मृत्युमुखी पडले, तेही अशाच भाद्रपदातल्या भरल्या पात्रात. तरणे आणि स्थिर तरणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे हत्तीस नावेत उभे करणाऱ्या नावाड्यास, असा कोणी असलाच तर, शहाजीराजांपेक्षाही अधिक ठाऊक असले पाहिजे.

आता आर्किमिडीजकडे वळू. सिराक्यूजच्या या गणितज्ञाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तरत्या पदार्थांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. द्रवापेक्षा हलका घन पदार्थ त्यात सोडला असता, त्याने सारलेल्या द्रवाचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाइतके होईतो तो बुडतो, हे तेथे सिद्धांतरूपाने मांडून सिद्ध केले आहे. जड पदार्थ द्रवात बुडविला असता सारलेल्या द्रवाच्या वजनाइतका हलका भासतो, हेही तेथेच आहे. राजाच्या मुकुटाची आणि स्नानगृहातून धावत सुटण्याची जी गोष्ट प्रसिद्ध आहे ती मात्र या ग्रंथात नाही. ती व्हित्रुव्हिअस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने सुमारे दोनशे वर्षांनी लिहून ठेविली. म्हणजे आख्यायिकेपुरते पाहता सिराक्यूज आणि तुळापूर यांची स्थिती सारखीच आहे. दोन्हीकडे गोष्ट प्रसंगानंतर पुष्कळ काळाने अवतरते. भेद आहे तो आख्यायिकेबाहेर. एकीकडे सिद्धांताचा ग्रंथ उपलब्ध आहे, दुसरीकडे नाही.

शिवाय मुकुट आणि हत्ती या दोन प्रयोगांची दिशा परस्परविरुद्ध आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मुकुट पाण्यात पूर्ण बुडतो आणि स्वतःच्या आकारमानाइतके पाणी सारतो. वजन आधीच ठाऊक असते, शोधावयाचे असते ते आकारमान. हत्ती नावेत असतो आणि नाव तरत असते, म्हणून सारलेले पाणी वजनाइतके असते. त्यावरून आकारमान मुळीच कळत नाही. चार हजार किलोंचा काळा पाषाण दीड घनमीटरही भरत नाही, हत्ती मात्र जवळजवळ पाण्याच्याच घनतेचा असल्याने चार घनमीटरांच्या आसपास जागा व्यापतो. हत्ती व दगड नावेऐवजी एखाद्या हौदात बुडविले असते तर सारे गणित फसले असते. कथा चीनमध्ये सांगितलेली असो वा मावळात, तीत नाव कधीच सुटत नाही. ज्याने ही गोष्ट प्रथम रचली त्याला हा भेद सूत्ररूपाने मांडता येत नसेलही, पण तो त्याच्या अनुभवात पक्का होता.

मुकुटाचा प्रश्न आपल्याकडे का उद्भवला नाही, याचेही उत्तर आहे. सोन्यातील भेसळ ओळखण्यास कसोटीचा दगड होता. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) सुवर्णगणिताचे जे प्रकरण आहे त्यात भिन्न वर्णांची सोनी एकत्र आटवली असता वर्ण किती येईल याचे सुरेख गणित आहे. वर्ण मात्र कसावर घासून ठरवावयाचा. पाण्यात तोलण्याची कल्पना तेथे येत नाही. 'कस लागणे', 'कसास उतरणे' या मराठीतील वाक्प्रचारांवर त्याच दगडाचा रंग आहे.

यावरून असे दिसते की, शहाजीराजांना आर्किमिडीजचे तत्त्व ठाऊक होते हे विधान सिद्ध होत नाही आणि त्याची गरजही नाही. सिद्ध होते ते इतकेच, की नावेच्या भाररेषेचे व्यावहारिक ज्ञान या समाजात इतके रूढ होते की त्यावर रचलेली गोष्ट ऐकणाऱ्यास समजावून सांगावी लागत नसे. हे ज्ञान ग्रंथात नव्हते, व्यवसायात होते. आणि व्यवसायातील ज्ञानाचा शोध घ्यावयाचा तर ज्या लोकांनी काही लिहून ठेविले नाही त्यांच्या भाषेकडेच जावे लागते.

मराठीत या विषयाची शब्दसंपत्ती मोठी आहे. संस्कृत 'तरति' याचा मूळ अर्थ 'पार जातो' असा. मराठी 'तरणे' मध्ये त्यास 'पाण्यावर राहणे' हा आणि त्यावरून 'वाचणे' हाही अर्थ प्राप्त झाला. नदी ओलांडण्याची सोय ती 'तर', मोठी नाव ते 'तारू', पायी ओलांडता येईल अशी जागा तो 'उतार'. सावकारी व्यवहाराने याच पाण्यातून शब्द उचलले : कर्जास आधार ते 'तारण' आणि न फिटणारे ते 'बुडीत'. कौटिल्याने सैन्यास नदीपार नेण्याची साधने सांगताना नावांबरोबर भोपळे, फुगविलेली कातडी, लाकडांचे व वेळूंचे जुडगे यांची गणना केली आहे. या शेवटच्या साधनास त्याने वापरलेला शब्द 'संघात'. त्याचा निकटचा आप्त 'संघाट' प्राकृतात 'संघाड' होऊन मराठीत 'सांगड' झाला. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या एरिथ्रियन समुद्राच्या वर्णनात दक्षिण भारतातील एकत्र बांधलेल्या मोठ्या होड्यांना 'संगर' म्हटले आहे, ते बहुधा याच कुळातले. आज दोन मतांची 'सांगड घालणाऱ्या' प्राध्यापकास आपण दोन ओंडके बांधीत आहोत याची जाणीव नसते.

ज्ञानेश्वरीत मात्र ती जाणीव पूर्ण जागी आहे. सातव्या अध्यायातील मायानदीच्या रूपकात वेदत्रयीची सांगड आणि अहंभावाची धोंड एकाच ओवीत येतात. तारणारे व बुडविणारे एकत्र बांधले की परिणाम काय होणार हे श्रोत्यास सांगावे लागत नाही. बाराव्या अध्यायात भवसागर तरून नेण्याच्या प्रसंगी एकट्यादुकट्यास कासेला लावणे, परिवारासह असणाऱ्यांस तरीवर घालणे आणि कोणाच्या पोटाशी प्रेमाची पेटी बांधणे असे तीन वेगवेगळे उपाय येतात. पोटाशी पेटी बांधून पोहणाऱ्यास पाण्यावर धरण्याची रीत कवीने पाहिलेली असली पाहिजे.

ही सारी शब्दसंपत्ती तरण्याची आहे. घनतेची नाही, असा आक्षेप येऊ शकतो. 'जड' आणि 'हलके' हे दोनच शब्द वजनासही आणि घनतेसही वापरले जातात हे खरे. ('हलके' हा शब्द स्वतः संस्कृत 'लघु', प्राकृत 'लहु' आणि वर्णविपर्ययाने 'हलु' अशा वाटेने आला, 'हळू' त्याचाच भाऊ.) ओंडका जड असून तरतो आणि सुई हलकी असून बुडते, ही विद्यार्थ्यांची नेहमीची अडचण भाषेनेच निर्माण केलेली आहे. पण त्याच भाषेने दुसरीकडे तिची सोय केली आहे, आणि ती पाहण्यास नदीवरून शेतात यावे लागते.

वर्धा जिल्हा हा कापसाचा प्रदेश. १८६२ मध्ये तो नागपूरपासून वेगळा झाला; पुलगावाजवळ वर्धा नदी ओलांडून रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली; हिंगणघाटास १८८१ मध्ये कापडाची गिरणी निघाली. (हिंगणघाटाचा 'घाट' वेणा नदीचा, डोंगराचा नव्हे.) या भागातील शेतकरी पेरणीपूर्वी सरकी शेणामातीत चोळीत असे, म्हणजे तिच्यावरची लव चिकटून बसे आणि दाणे सुटे पडत. मग ती पाण्यात टाकली की वर येणारी काढून फेकावयाची आणि तळाशी बसणारी पेरावयाची. लव न चिकटविता सरकी पाण्यात टाकली तर लवेत अडकलेल्या हवेने उत्तम दाणाही तरतो, हे त्याच्या अनुभवाचे होते. वर येणाऱ्या दाण्यास तो 'हलका' म्हणून थांबत नाही, 'पोचट' म्हणतो; तळाशी जाणारा तो 'भरीव'. पोचट दाणा आकाराने भरीव दाण्याएवढाच असू शकतो. आत काय आहे, किती जागेत आहे, हे या शब्दजोडीत सांगितले जाते. घनता या संकल्पनेचे याहून जवळचे देशी नाव मिळणे अवघड आहे. २००२ नंतर बीटी कापसाच्या तयार बियाण्याची पाकिटे आली आणि घरची सरकी निवडण्याचे कामच बहुतांशी संपले. शब्द मात्र अद्याप बोलीत आहेत. बाजरीत अरगटाचे दाणे वेगळे काढण्यासाठी वीस टक्के मिठाचे पाणी वापरावे, असा कृषिखात्याचा सल्ला असतो. तेथे दाणा तोच ठेवून पाणी बदलले जाते, म्हणजे त्याच प्रश्नाची दुसरी बाजू हाताळली जाते.

परिभाषाकारांनी या शब्दांकडे वळून पाहिले नाही. शालेय पुस्तकांतील 'प्लावक बल' हा शब्द संस्कृत 'प्लु' धातूवरून घडविलेला असून व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. 'घनता' ही तशीच. अखिल भारतीय परिभाषेच्या दृष्टीने त्यांची निवड समर्थनीयच म्हटली पाहिजे. परंतु 'प्लावक' शब्दाला 'तर', 'तारू', 'तारण' यांपैकी कोणाचाही आधार नाही आणि 'घनता' शिकविताना 'पोचट' व 'भरीव' यांचा उल्लेख झाल्याचे क्वचितच आढळते.

वर्धा आणि वैनगंगा यांच्या काठी डोंगा चालविणाऱ्या ढीवर समाजाच्या बोलीत नावेच्या भाररेषेस, तिच्या कलण्यास, आणि आता आणखी माणूस घेता येणार नाही अशा मर्यादेस कोणते शब्द आहेत, याचे संकलन या दृष्टीने प्रथम व्हावयास हवे. पूल आणि धरणे झाल्यापासून तरीचे घाट कमी होत चालले आहेत, आणि त्या घाटांवर आयुष्य काढलेली पिढी आता वृद्ध आहे.